हाताने बनवलेल्या गिटारचं बाइंडिंग: गोंद कोणता, टेप कोणती

टॉप, म्हणजे पुढची फळी, आणि पाठ बाजूंच्या फळ्यांना चिकटली, बाहेर आलेली कड तासून झाली, की गिटारची पेटी तयार दिसायला लागते. पण टॉपच्या कडेला लाकडाचे आडवे कापलेले तंतू अजून उघडेच असतात. दमट हवा तिथून आत शिरते आणि गिटार कुठे आपटली तर पहिला टवकाही तिथलाच उडतो. म्हणून राउटरने, म्हणजे लाकडात खाच पाडणाऱ्या विजेच्या यंत्राने, कडेभोवती खाच काढून तिच्यात एक पट्टी बसवतात. साधारण १.५ ते २ मिमी जाड, ६ ते ७ मिमी उंच. हेच बाइंडिंग. दिसायला छान दिसतं हे खरं, पण मूळ काम राखणीचं.

खाच कशी काढायची यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. गोंदाचा विषय आला की मात्र "मी हा वापरतो, एकदम मस्त" एवढ्यावर गोष्ट संपते. नवखा माणूस फसतो तो इथेच. एका पट्टीला मस्त धरणारा गोंद दुसरीला अजिबात धरत नाही, आणि हे कळतं ते टेप काढल्यावर, पट्टी टपकन हातात आल्यावर. म्हणून प्रश्न या क्रमाने विचारा: पट्टी कशाची आहे, तिला कोणता गोंद चालतो, आणि त्या गोंदाला कोणती टेप किती वेळ लागेल.

पट्टी ओळखा

बाजारात मिळणाऱ्या पट्ट्या ढोबळमानाने तीन जातींच्या असतात: लाकडी, सेल्युलॉइड आणि एबीएस प्लॅस्टिक.

सेल्युलॉइड सगळ्यांत जुनं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून ते बनतं. अमेरिकेतली मार्टिन कंपनी साधारण १९१८ पर्यंत महागड्या गिटारांना खऱ्या हस्तिदंताचं बाइंडिंग करत असे. त्यानंतर हस्तिदंतासारख्या रेषा असलेलं सेल्युलॉइड आलं. आपल्याकडे मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांवरही हस्तिदंताची जागा अशाच पट्ट्यांनी घेतली. सेल्युलॉइडची खोड अशी की ते वर्षानुवर्षं हळूहळू आकसत राहतं. जुन्या गिटारींचं बाइंडिंग कमरेपाशी, म्हणजे पेटी मध्यावर आत वळते तिथे, सुटून तार ताणल्यासारखं बाहेर आलेलं दिसतं, ते त्यामुळे. एबीएस त्या मानाने स्थिर आहे, स्वस्त आहे, आणि सेल्युलॉइडसारखं भसकन पेट घेत नाही.

विकणाऱ्याने नुसतं "प्लॅस्टिक" म्हणून दिलं असेल तर एक छोटा तुकडा कापून घ्या. सँडपेपरवर जोरात घासल्यावर कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. मग काचेच्या झाकणीत ॲसिटोनचे चार थेंब घेऊन त्यात तुकडा पाच-दहा मिनिटं ठेवा. सेल्युलॉइड आणि एबीएस दोन्ही वरून मऊ आणि चिकट होतात. तुकडा जसाच्या तसा राहिला तर ती पट्टी वेगळ्याच प्लॅस्टिकची आहे. तिला ॲसिटोनमध्ये प्लॅस्टिक विरघळवून केलेला गोंद (तो पुढे येतो) चालणार नाही, सुपरग्लू किंवा इपॉक्सीकडे वळावं लागेल. पाच-दहा मिनिटांची ही चाचणी टाळू नका.

लाकडी पट्टी असेल तर

इथे काम सोपं आहे. लाकडाला लाकूड चिकटवायचं, म्हणजे सुताराचा पांढरा गोंद चालतो. गिटार बनवणारे बहुतेक जण टाइटबाँड ओरिजिनल वापरतात, कारण तो वाळल्यावर कडक होतो आणि सँडपेपरला गोळा होत नाही. आपल्याकडे तो ऑनलाइन मिळतो. मिळाला नाही तर साधा फेविकॉल एसएच घ्या. गिटारच्या पुलाला (टॉपवरच्या, तारा अडकवायच्या लाकडाला) किंवा आतल्या पट्ट्यांना मी तो लावणार नाही, कारण तिथे तारांचा ताण रात्रंदिवस असतो आणि पांढरा गोंद ताणाखाली थोडा थोडा सरकतो. बाइंडिंगवर तसा ताण नाही. तिथे फेविकॉल बिनधास्त वापरा.

मात्र फेविकॉलच्याच घरातला एसआर ९९८ नको. सनमायका चिकटवायचा तो रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून वाळवायचा असतो आणि एकदा टेकला की पट्टी हलवता येत नाही. शिवाय सांध्यात रबराची जाड रेघ कायमची दिसत राहते.

पांढऱ्या गोंदाची अडचण वेळेची. टाइटबाँड ओरिजिनल लावल्यावर चार-पाच मिनिटांत साय धरू लागतो. नागपूरच्या मे महिन्यात पंखा चालू असेल तर त्याच्याही आधी. तेवढ्या वेळात पाऊण मीटर पट्टी बसवून टेपा लावायच्या असतात. म्हणून पंखा बंद करा, किंवा टाइटबाँड थ्री घ्या. तो जवळपास दुप्पट वेळ देतो, पण वाळल्यावर तपकिरी दिसतो आणि फिकट लाकडात रेघ उठते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उलटा त्रास. गोंद वाळता वाळत नाही आणि स्प्रूस, म्हणजे टॉपचं मऊ पांढरं लाकूड, पाणी पिऊन फुगलेलं असतं. त्या दिवसांत बाइंडिंग केलं तर हिवाळ्यात लाकूड आकसल्यावर सांधा उठून दिसतो. हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच हे काम काढा, नाहीतर खोलीत डीह्युमिडिफायर लावा.

शिसवाची पट्टी करायची असेल, आणि जुन्या फर्निचरच्या तुकड्यांतून ती छान निघते, तर दोन गोष्टी. शिसवात तेल असतं, म्हणून चिकटवायची बाजू गोंद लावण्याच्या जरा आधी ॲसिटोनच्या फडक्याने पुसा. आणि हे पुसणं पट्टी खाचेत बसवण्याआधी, टेबलावर करा. ॲसिटोन किंवा स्पिरिट लागलं की शिसव जांभळट रंग सोडतं. तो शेजारच्या पांढऱ्या स्प्रूसमध्ये उतरला की निघत नाही. लाकडी पट्टी गरम पाइपवर आधीच वाकवून घ्यावी लागते हे सांगायला नकोच. गोंद आणि टेप यांच्या जिवावर सरळ लाकूड कमरेत बसवायला जाऊ नका, तडकेल.

सरसही चालतो, जुनी माणसं तोच वापरत. पण पहिल्या गिटारला गरम सरस, त्याची भांडी आणि सेकंदासेकंदाची घाई नको.

प्लॅस्टिकची पट्टी असेल तर

प्लॅस्टिकला पांढरा गोंद धरत नाही. लाकडात मुरतो, प्लॅस्टिकवर नुसता पापुद्रा होऊन बसतो. इथे तीन मार्ग.

पहिला, आणि माझ्या मते पहिल्या गिटारला सगळ्यांत चांगला, म्हणजे त्याच प्लॅस्टिकचा घरी केलेला गोंद. पट्टीचे उरलेले तुकडे बारीक कातरून काचेच्या बाटलीत टाका, ते बुडतील एवढं ॲसिटोन घाला, धातूचं झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ढवळल्यावर काकवीसारखं झालं पाहिजे. घट्ट वाटलं तर थोडं ॲसिटोन, पातळ वाटलं तर आणखी तुकडे. हा गोंद पट्टीचा वरचा थर विरघळवतो आणि लाकडाच्या छिद्रांत शिरतो. ॲसिटोन उडून गेलं की पट्टी लाकडाला पकडून बसते. रंग पट्टीचाच असल्यामुळे राहिलेल्या फटी भरायलाही तोच उपयोगी. सेल्युलॉइडचा गोंद सेल्युलॉइडला, एबीएसचा एबीएसला. दोन्ही तुकडे एका बाटलीत मिसळू नका.

ॲसिटोन केमिकलच्या दुकानातून आणा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल, सुगंध आणि पाणीही असतं, त्याचा गोंद नीट होत नाही. आणि ॲसिटोनची वाफ लांबून पेट घेते: खिडक्या उघड्या, गॅस, देवासमोरचा दिवा, उदबत्ती सगळं बंद. सेल्युलॉइडचे तुकडेही झटकन पेटतात, ते हीटगनच्या आसपास पडू देऊ नका. परदेशी व्हिडिओंत ड्युको सिमेंट किंवा वेल्ड-ऑन १६ अशी नावं ऐकू येतील. तत्त्व तेच, विरघळवून जोडायचं. फक्त ते ट्यूबमधून येतं.

दुसरा मार्ग सुपरग्लूचा. पातळ सुपरग्लू, म्हणजे फेविक्विक जातीचा, सांध्यात आपोआप ओढला जातो. म्हणून पट्टी आधी कोरडीच टेपने घट्ट बांधायची, सांधा सगळीकडे मिटलाय हे पाहायचं, आणि मग टेपांच्या मधल्या जागांतून बारीक नळीने थेंब थेंब सोडायचा. वेगवान आणि स्वच्छ पद्धत आहे, पण दोन धोके आहेत. स्प्रूसच्या उघड्या कडेत सुपरग्लू शिरला की पिवळट-तपकिरी डाग पडतो, जो घासूनही जात नाही. आणि सांडलेला सुपरग्लू सुती फडक्याने किंवा कापसाने पुसू नका: सुतावर तो एकदम तापतो, बोटं भाजतात. प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा वापरा. जाडसर सुपरग्लू, जो विमानांची मॉडेलं बनवणाऱ्यांच्या दुकानात मिळतो, तो आधी खाचेत लावून पट्टी बसवण्यासाठी. पण तो सरकवायला वेळच देत नाही.

तिसरा, इपॉक्सी. हळू वाळणारं अराल्डाइट लाकूड आणि खरवडलेलं प्लॅस्टिक दोन्ही पकडतं, घाई नसते. पण पसारा फार. प्लॅस्टिक ॲसिटोनला दाद देत नसेल आणि सुपरग्लूची भीती वाटत असेल तरच.

पट्टीच्या आत लाकडाच्या रंगीत बारीक रेघा घालायच्या असतील तर गुंता होतो, कारण रेघांना पांढरा गोंद हवा, बाहेरच्या प्लॅस्टिकला दुसरा. शिवाय ॲसिटोन काळ्या रेघेचा रंग स्प्रूसमध्ये पसरवतं. यावर उपाय: बाइंडिंगच्या जागी तेवढ्याच मापाची टेफ्लॉनची पट्टी ठेवून रेघा पांढऱ्या गोंदाने चिकटवायच्या. टेफ्लॉनला काहीच चिकटत नाही. वाळल्यावर ती ओढून काढायची आणि मोकळ्या खाचेत बाइंडिंग बसवायचं. पण पहिल्या गिटारला रेघा नसल्या तरी कुणी नावं ठेवणार नाही.

टेप

बाइंडिंगला क्लॅम्प लावता येत नाहीत. वळणदार कडेवर ते बसणार कुठे? त्यामुळे टेप हाच क्लॅम्प. तिला दोन कामं करायची असतात: पट्टी आत बाजूकडे दाबायची आणि खाचेच्या तळाशीही टेकवायची. त्यासाठी टेप थोडी ताणली जाऊन परत आवळणारी हवी, आणि काढताना लाकूड न उचलणारी हवी. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, म्हणून निवड करावी लागते.

स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी स्वस्त मास्किंग टेप ओढताना तुटते, आणि उन्हाळ्यात तिचा चिकटा लाकडावरच राहतो. तपकिरी पॅकिंग टेप ताणली जात नाही. इलेक्ट्रिशियनची काळी टेप ताणली जाते, पण ॲसिटोन लागलं की तिचा चिकटा विरघळून काळा चिखल होतो. धागे घातलेली पार्सलची टेप ताकदवान खरी, पण स्प्रूसवर लावू नका, सालपटं निघतील.

सगळ्यांत उपयोगी पडते ती गाड्यांच्या पेंटिंगची मास्किंग टेप. थ्रीएमची हिरवी २३३ प्लस त्यांतलीच. डेंटिंग-पेंटिंगवाले सामान घेतात त्या रंगांच्या दुकानात ती किंवा तिच्या तोडीची दुसरी मिळते. कागद चुणीदार असल्याने ताणला जातो आणि चिकटा साफ निघतो. १८ किंवा २४ मिमी रुंदीची घ्या. निळी टेप, म्हणजे थ्रीएमची २०९० जातीची, आणखी सौम्य असते. टॉप देवदारासारख्या मऊ लाकडाचा असेल किंवा पट्टी पातळ प्लॅस्टिकची असेल तर ती पुरते. जाड शिसवी पट्टी मात्र ती धरून ठेवू शकत नाही.

हट्टी लाकडी पट्टीसाठी टेपवरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा. पंक्चरवाला फुकट देतो. अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांत आजही बाइंडिंग लावलेली पेटी सुती पट्ट्यांनी करकचून बांधतात, स्पेनमधले कारागीर दोरी गुंडाळून खाली पाचरी ठोकतात. कमरेपाशी ट्यूब किंवा दोरी हवेतच राहते, तिथे पट्टीवर लाकडाचा ठोकळा ठेवून मग ट्यूब ओढायची.

आता प्रत्यक्ष

आधी लाखेचा हात. १०० मिली स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम मेण काढलेली लाख विरघळवून टॉपच्या कडेचा चार-पाच सेंटीमीटर पट्टा पुसून घ्या. सुपरग्लू वापरणार असाल तर खाचेची स्प्रूसची कडही. पांढरा गोंद वापरणार असाल तर खाच कोरडी ठेवा, लाखेवर तो नीट मुरत नाही. लाखेचा हा पातळ थर टेपला तंतू उचलू देत नाही. याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर लाख आणि टेप लावून एक रात्र ठेवा आणि काढून पाहा. तंतू आले तर लाखेचा आणखी एक हात, किंवा सौम्य टेप.

मग कोरडी तालीम. पट्टी गोंदाशिवाय बसवून टेपा लावा. नखाने सांध्यावरून फिरा. नख अडकतं तिथे खाचेत लाकडाची चूर राहिली आहे किंवा तळ उंच आहे. गोंद हे दुरुस्त करत नाही. पट्टी टॉपपेक्षा केसभर वर राहिली पाहिजे, खाली नाही. नंतर ती खरवडता येते, टॉप खरवडणं महागात पडतं.

टेपचे १०-१२ सेंटीमीटरचे तुकडे आधीच फाडून टेबलाच्या कडेला लटकवून ठेवा. एका टॉपच्या अर्ध्या बाजूला पाऊण मीटर पट्टी लागते. दर तीन सेंटीमीटरला एक म्हटलं तरी पंचवीस तुकडे झाले, आणि कमरेला ते एकमेकांना खेटून हवेत. एकट्याला झेपणार नसेल तर कुणाला तरी टेपा द्यायला बसवा.

शेपटीकडच्या, म्हणजे मानेच्या विरुद्ध टोकाच्या, मध्यापासून सुरुवात करा आणि मानेकडे जा. टॉपवर पट्ट्यांची मानेकडची टोकं फिंगरबोर्डखाली झाकली जातात, म्हणून चूक तिकडे ढकलायची. शेपटीकडचा सांधा सगळ्यांना दिसतो. पांढरा गोंद असेल तर अख्ख्या अर्ध्या खाचेला ब्रशने पातळ लावा. ॲसिटोनचा गोंद फक्त १०-१५ सेंटीमीटर लावा, तेवढं बसवा, मग पुढे. जास्त लावलात तर तो बाहेर येऊन टेपखाली अडकतो, चिकटा विरघळवतो आणि पट्टी मऊ होऊन टेपच्या चुण्या तिच्यावर उमटतात.

टेप लावताना आधी तिचं एक टोक बाजूच्या फळीवर दाबून घ्या. डाव्या अंगठ्याने पट्टी आत आणि खाली रेटून धरा, उजव्या हाताने टेप कडेवरून ओढा, कागदाच्या चुण्या सपाट होईपर्यंत, आणि तशीच ताणलेली टॉपवर टेकवा. टॉपवर तीन-चार सेंटीमीटर पुरे. ताण बाजूच्या कडक लाकडावर राहतो, मऊ टॉपवर कमी. प्रत्येक टेपनंतर सांध्याकडे बघा: पांढऱ्या गोंदाचे बारीक मणी सलग दिसले पाहिजेत. मणी नाहीत तिथे गोंद कमी आहे किंवा पट्टी टेकलेली नाही. कटअवे, म्हणजे मानेजवळ पेटीला आत कापलेलं वळण, असेल तर एबीएसची पट्टी हीटगनने लांबून, हात हलता ठेवून, आधीच वळवून ठेवा. सेल्युलॉइडला हीटगन नको, गरम पाण्यात बुडवून वळवा आणि पूर्ण पुसून घ्या.

टेप काढणं

पांढऱ्या गोंदाला एक रात्र पुरते. ॲसिटोनवाल्यालाही टेप एका दिवसात काढा, पण पट्टीला हात लावू नका. टेप आठवडाभर ठेवून दिली की तिचा चिकटा लाकडात शिरतो, विशेषतः उन्हाळ्यात पत्र्याखाली.

टॉपवरचं टोक आधी उचला आणि टेप स्वतःवरच दुमडून, टॉपला जवळजवळ समांतर ठेवत, कडेकडे हळू ओढा. सरळ वर ओढायची नाही. कान आणि डोळे टेपखाली ठेवा. बारीक करकर ऐकू आली किंवा टेपला पांढरी कुसळं चिकटून येताना दिसली की लगेच थांबा, टेप परत खाली दाबा, हेअरड्रायरने किंचित गरम करा आणि उलट बाजूने काढा. स्प्रूसचे तंतू एका दिशेला वर तोंड करून असतात. एका बाजूने उचलतात, दुसऱ्या बाजूने नाही. राहिलेला चिकटा लायटरमध्ये भरायच्या नॅप्थाने पुसा. ॲसिटोनने पुसायला गेलात तर बाइंडिंगच वितळेल.

कुठे फट राहिली असेल तर लाकडी पट्टीला त्याच लाकडाची चूर आणि गोंद, प्लॅस्टिकला बाटलीतला उरलेला गोंद काडीने भरा. लाकडी पट्टी दुसऱ्या दिवशी स्क्रॅपरने टॉपच्या पातळीला आणता येते. प्लॅस्टिकला निदान दोन-तीन दिवस, पावसाळ्यात आठवडा द्या. आत अडकलेलं ॲसिटोन उडेपर्यंत पट्टी किंचित फुगलेली असते. त्याआधी खरवडलीत तर आज सपाट दिसणारी कड पुढच्या महिन्यात टॉपपेक्षा खाली गेलेली असेल, आणि तोवर वर पॉलिशही चढलेलं असेल.